विंडलास बदलण्याआधी मीटर लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ३६ फुटी शिडाची बोट, १९९८ची बांधणी, दोन वर्षांपूर्वी गोव्यातून जुनी विकत घेतलेली. नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकाला) मूळचाच आडवा विंडलास, म्हणजे नांगराची साखळी ओढणारं विजेचं यंत्र, १२ व्होल्ट, १००० वॅट. २० किलोचा नांगर आणि १० मिमीची ५० मीटर साखळी. गेल्या हंगामात नांगर उचलताना विंडलास रडत रडत चालायचा, चिखलात रुतलेला नांगर सुटायच्या वेळी नेमका ब्रेकर पडायचा, आणि मध्येच साखळी जिप्सीवरून (विंडलासच्या साखळी पकडणाऱ्या खळग्यांच्या चाकावरून) उडायची. बोट आता पावसाळ्यासाठी वर काढली आहे. यार्डवाला म्हणतो, "साहेब, पंचवीस वर्षं झाली, नवीनच टाका." दुरुस्त करावा की बदलावा, आणि बदलायचा तर किती ताकदीचा?

माझं सरळ उत्तर: अजून पाकिटाला हात लावू नका. तुम्ही सांगताय त्यात तीन वेगवेगळी दुखणी एकत्र झाली आहेत. रडत चालणं आणि ब्रेकर पडणं हे बहुतेक वेळा वायरिंगचं दुखणं असतं. साखळी उडणं हे साखळीचं आणि जिप्सीचं भांडण. राहिलं मशीनचं वय. ते उघडल्याशिवाय ना तुम्ही सांगू शकता, ना मी, ना यार्डवाला. नवा विंडलास जुन्याच वायरींवर आणि जुन्याच साखळीला जुंपला, तर दिवाळीनंतरच्या पहिल्या सफरीत तोही तसाच रडेल.

हे मी मार खाऊन सांगतोय. व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममधून किनाऱ्यावर आलो आणि छोट्या बोटींची कामं घ्यायला लागलो, तेव्हा सुरुवातीलाच असा एक मंद विंडलास हाती आला. जहाजावरच्या सवयीने मी थेट गिअरबॉक्स उघडला. सीलं बदलली, बेअरिंगं बदलली, नवं तेल भरलं. दोन दिवस गेले. परत बसवला तर आवाज सुरेख आणि वेग तेवढाच. दोष शेवटी सापडला तो बॅटरीच्या निगेटिव्ह लगमध्ये (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडात): वरून चकचकीत, आत हिरवी पूड. मालकाने पैसे दिले, पण चहा विचारला नाही.

तर आधी मीटर. मात्र विंडलास मोकळा फिरवून मोजण्यात काही अर्थ नाही, बिनभाराचा तो छानच फिरतो. बोट वर आहे हे इथे उलट सोयीचं आहे. नांगर रोलरवरून खाली सोडा, त्याच्या शॅकलला (जोडकडीला) सिमेंटच्या दोन गोण्या नीट बांधा (५० किलोची एक, म्हणजे नांगर धरून १२० किलो झाले) आणि त्या जमिनीपासून मीटरभर उचला. खाली कुणी उभं राहायचं नाही, यार्डातली कुत्रीसुद्धा हाकलायची. आणि एक गोष्ट चुकूनही करू नका: साखळीचं टोक खांबाला किंवा शेजारच्या ट्रॉलीला बांधून ओढू नका. बोट टेकूंवर उभी आहे. तिला टेकूंवरून खाली खेचायला हजार वॅटचा विंडलास पुरेसा आहे.

गोण्या वर जात असताना एकाने बॅटरीच्या खिळ्यांवर (टर्मिनलवर) व्होल्ट मोजायचे आणि दुसऱ्याने मोटरच्या खिळ्यांवर. मला पुन्हा पुन्हा दिसणारा नमुना सांगतो: बॅटरी निवांत असताना १२.६, भाराखाली ११.९, आणि त्याच क्षणी मोटरवर ९.४. म्हणजे वाटेत अडीच व्होल्ट गायब. तेवढंच वजन उचलायला मोटर करंट साधारण तेवढाच ओढते, पण व्होल्टेज पडलं की वेग पडतो. वेग पडला की तोच जड करंट जास्त वेळ वाहतो, मोटर तापते, ब्रेकरही तापतो. त्यात नांगर चिखलातून सुटायच्या क्षणी मोटर जवळजवळ थांबते, करंट उसळतो आणि आधीच तापलेला ब्रेकर पडतो. तुमच्या लक्षणांचं वर्णन याहून वेगळं नाही. ब्रेकर बिचारा आपलं काम करतोय. मोठ्या आकड्याचा ब्रेकर लावून त्याचं तोंड बंद करू नका, नाहीतर पुढचा फ्यूज म्हणजे तुमची वायर.

हे अडीच व्होल्ट कुठे गेले ते शोधायचं तंत्र सोपं आहे. भार चालू असताना मीटरची एक तार एका जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे धरायची. चांगला जोड ०.१ व्होल्टपेक्षा जास्त खात नाही. बॅटरी लग, मुख्य स्विच, ब्रेकर, सोलेनॉइडचे (फूटस्विचच्या इशाऱ्यावर मोटरला करंट सोडणाऱ्या जड स्विचचे) दोन्ही बाजूंचे खिळे, मोटरचा खिळा, आणि मग हाच सगळा प्रवास निगेटिव्हच्या वाटेने परत. लोक पॉझिटिव्ह बाजू घासूनपुसून काढतात आणि निगेटिव्हकडे वळूनही पाहत नाहीत. करंट दोन्हीकडून तितकाच जातो.

सोलेनॉइडचे संपर्क जळले असतील तर तिथेच अर्धा-पाऊण व्होल्ट जातो. फूटस्विच दाबल्यावर 'टक' असा आवाज येतो पण मोटर फिरत नाही, म्हणजे संशय सोलेनॉइडच्या आतल्या संपर्कांवर किंवा पुढे मोटरवर. 'टक'च येत नाही, म्हणजे फूटस्विच किंवा त्याची बारीक वायर. फूटस्विचचं रबर तडकलं असेल तर तो विंडलास चांगला असो वा नसो, आजच बदला. आत खारं पाणी गेलं की तो आपोआप जुळतो आणि विंडलास स्वतःहून चालू होतो. रात्री बोटीवर कुणी नसताना असं झालं, तर नांगर रोलरवर आवळत जातो आणि मोटर धुमसत राहते. म्हणून नांगर टाकून झाला की विंडलासचा मुख्य स्विच बंद करायची सवय लावा.

आता वायरची जाडी. बॅटरी बोटीच्या मधोमध, विंडलास नाळेवर, वायर कपाटांच्या मागून वळणं घेत जाते. ३६ फुटी बोटीत एका बाजूची लांबी ११ मीटर धरू, म्हणजे जाऊन-येऊन २२ मीटर. १०० अँपिअर करंटाला २५ चौ. मिमीची तांब्याची वायर साधारण दीड व्होल्ट खाते, ३५ची १.१ व्होल्ट, ५०ची पाऊण व्होल्टच्या आसपास आणि ७०ची साधारण अर्धा. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच बोटींत मी २५ची वायर पाहिली आहे, कारण तांबं तेव्हाही महागच होतं. तुमची २५ची निघाली तर नव्या विंडलासच्या आधी ५० किंवा ७०ची वायर घाला. कथिलाचा मुलामा दिलेलीच घ्या. मुंबईत विजेच्या सामानाच्या लोहार चाळीत कुणीतरी वेल्डिंग केबल दाखवेल, ती मऊ असते, वळते छान, स्वस्तही पडते. पण तिच्या बारीक तारा खारी हवा दिव्याच्या वातीसारखी आत ओढतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत वायर कव्हरखाली फूटभर काळी पडते. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घ्या, हातोड्याने चेपून नाही, आणि वर आत गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह चढवा.

वायर खरोखरच दोषी आहे का, याची खात्री पैसे न घालवता करता येते. एक चार्ज केलेली बॅटरी नाळेवर घेऊन जा, जाडजूड आणि आखूड जंपरने थेट मोटरला जोडा आणि त्याच गोण्या उचला. जोडताना ठिणगी पडते, म्हणून नाळेच्या कप्प्यात गॅसची टाकी किंवा पेट्रोलचा कॅन असेल तर आधी तो उतरवा. गोण्या झरझर वर आल्या तर विंडलास तरुण आहे, म्हातारी झाली ती वायर. अशा वेळी पुढचं अर्धं उत्तर वाचलं नाही तरी चालेल. तरीही रडला, तर पाना काढा.

काढण्याआधी मुख्य स्विच बंद, फ्यूज खिशात. नांगर रोलरला दोरीने बांधा आणि साखळी जिप्सीवरून उतरवून डेकवरच्या क्लीटला (दोरी बांधायच्या खुंटीला) अडकवा. आडव्या जातीच्या विंडलासचं घर (बाहेरचं कवच) अॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचे आणि भोवती वर्षानुवर्षं खारं पाणी. हे तिघं एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी पूड बोल्टभोवती सिमेंटसारखी घट्ट बसते. जोर लावलात तर बोल्ट तुटेल, अजून जोर लावलात तर घराचा कान तुटेल, आणि मग यार्डवाल्याचं म्हणणं खरं ठरेल. अर्धं अॅसिटोन आणि अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं तेल एकत्र करून थेंब थेंब सोडा आणि दोन दिवस तसंच ठेवा. मग हीटगनने घर गरम करा. अॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं, तेवढ्यात बोल्ट सुटतो. आधी किंचित आवळा, मग सोडा. तुटलाच तर ड्रिल करून छिद्रात नव्या आट्यांची स्प्रिंग बसवता येते, लेथवाल्याला ते रोजचं काम आहे.

घर उघडलं की पहिली नजर तेलावर. तेल दुधाळ, टपरीवरच्या चहाच्या रंगाचं, म्हणजे सीलमधून पाणी गेलंय. तेलात सोनेरी चमक थोडी असणारच, कारण आतलं वर्म-व्हील (गिअरबॉक्समधलं मोठं दातेरी चाक) ब्राँझचं आहे आणि ते झिजतं. पण चमकेऐवजी कण किंवा कपचे दिसले, दातांच्या कडा सुरीसारख्या धारदार झाल्या असल्या, तर ते व्हील संपलं. सगळं डिझेलने धुऊन, पुसून उजेडात बघा.

ऑइल सील हा सगळ्यांत स्वस्त भाग, आणि मोठ्या नुकसानीची सुरुवात इथूनच होते. सीलच्या अंगावर तीन आकडे कोरलेले असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, सगळे मिलिमीटरमध्ये. कंपनीचा भाग परदेशातून मागवायची गरज नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हे आकडे सांगितले की सील आणि बेअरिंग तासाभरात हातात पडतं. पण नुसतं नवं सील बसवून भागत नाही. जुन्या सीलच्या ओठाने शाफ्टवर खाच पाडलेली असते, नखाला लागते. नवं सील त्याच खाचेत बसवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा गळणार. जागा असेल तर सील दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवा, नसेल तर शाफ्टवर पातळ स्टेनलेसची बाही चढवून घ्या. तेल माहितीपुस्तिकेत सांगितलं असेल तेच भरा. गाड्यांच्या काही गिअर तेलांत जड भारासाठी गंधकाची रसायनं असतात, ती ब्राँझला सोसत नाहीत. पुस्तिका हरवली असेल तर वर्म गिअरसाठीचं तेल मागा, गॅरेजमध्ये उरलेलं ओतू नका.

मोटरकडे जाऊ. ती गिअरबॉक्सपासून सुटी करून मोकळी फिरवा. मोकळी मोटर सहज, थोड्या करंटात फिरली आणि जोडल्यावर अडली, तर दोष गिअरबॉक्सचा. मोकळीच घरघरत असेल तर आत बघा. कार्बन ब्रश झिजून स्प्रिंग टेकली असेल, ब्रश गंजाने पिंजऱ्यात अडकले असतील, किंवा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा पडून खरवडला असेल. कम्युटेटर लेथवर हलकासा साफ करून पट्ट्यांमधला अभ्रक खाली कोरून घ्यायचा, हे काम ट्रकचे स्टार्टर दुरुस्त करणारा ऑटो-इलेक्ट्रिशियन डोळे मिटून करतो. ब्रश मात्र त्याच्याकडूनही स्टार्टर मोटरच्याच जातीचे मागून घ्या, ज्यात तांबं जास्त असतं. मिक्सरचा किंवा ड्रिल मशीनचा ब्रश घासून मापात बसवलेले महाभाग मी पाहिलेत. १२ व्होल्टला शंभर अँपिअर त्याला झेपत नाहीत, तो निखाऱ्यासारखा तापतो. कायमस्वरूपी चुंबकाची मोटर असेल तर चुंबक कवचाला चिकटलेले आहेत ना ते बोटाने ढकलून बघा. कवच आतून गंजलं की गंज फुगतो, चुंबक सुटतो आणि आर्मेचरला (मोटरच्या फिरत्या भागाला) घासतो. चुंबक शाबूत असेल तर इपॉक्सीने पुन्हा बसवता येतो, तुकडे झाले असतील तर मोटर बदला. गुंडाळी जळली असेल तर आपल्याकडे रिवाइंडिंग करणारे तालुक्याच्या गावातही आहेत. युरोपातला बोटवाला मोटर फेकतो, कारण तिथे मजुरी महाग. आपल्याकडे हिशेब वेगळा आहे.

मग बदलायचा कधी? माझ्या मते एक गोष्ट निर्णायक आहे, ती म्हणजे घर. सील आणि बेअरिंग ज्या खोबणीत बसतात ती खोबणी गंजाने खाल्ली असेल, घराला तडा असेल, पायाचे कान पातळ झाले असतील, तर दुरुस्ती म्हणजे पैसे पाण्यात. बाकी एकेक भाग कधी ना कधी मिळतो किंवा बनवता येतो. दुसरी अडचण जिप्सीची. बनवणारी कंपनीच बंद झाली किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, की जुन्या मॉडेलची जिप्सी मिळेनाशी होते. ग्लासगोच्या सिम्पसन लॉरेन्सचे विंडलास एकेकाळी जगभरच्या बोटींवर होते, पुढे ही कंपनी लूमरकडे गेली, आणि आज तिच्या जुन्या मॉडेलांचे मालक भाग शोधत फिरतात. घर शाबूत, जिप्सी शाबूत, आणि झीज फक्त सील-ब्रश-बेअरिंगची असेल, तर तुमचा पंचवीस वर्षांचा विंडलास अजून दहा वर्षं सहज काढेल. जुन्या कास्टिंगची जाडी आजच्या काही हलक्या मॉडेलांना नाही, हे माझं वैयक्तिक मत, त्यावर भांडायला लोक तयार असतात.

आता साखळी उडण्याबद्दल, कारण नवा विंडलास घेऊनही हे दुखणं राहू शकतं. जिप्सीचे खळगे आणि साखळीची कडी यांचं माप जुळलं पाहिजे. घोळ असा की १० मिमीची साखळी दोन मापांत मिळते. डीआयएन ७६६ या जर्मन मानकाच्या कडीची आतली लांबी २८ मिमी, आणि आयएसओ ४५६५च्या कडीची ३० मिमी. हातात घेतल्या तर दोन्ही सारख्याच वाटतात. जिप्सीवर पाच-सहा कड्या बसेपर्यंत मात्र दोन-दोन मिलिमीटरचा फरक साठत जातो आणि कडी उडी मारते. (८ मिमीत हा त्रास नाही, दोन्ही मानकांत २४ मिमीच आहे.) तुमच्या आधीच्या मालकाने साखळी बदलली असेल तर संशयाला जागा आहे. कॅलिपर नसेल तर साखळी ताणून अकरा कड्यांची एकूण आतली लांबी मोजा: २८च्या मापाला ३०८ मिमी येईल, ३०च्या मापाला ३३०. जिप्सीवर बऱ्याचदा माप कोरलेलं असतं, तारेच्या ब्रशने घासून बघा.

माप जुळत असेल तर झीज बघा. जी साखळी रोज वापरात येते तो पहिला १५-२० मीटरचा भाग कड्यांच्या टोकांशी झिजून लांबतो, मागची तिशी नवी कोरी असते. साखळी उलटी करून वापरली की तिचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. मुंबईत जहाजं मोडायच्या दारूखाना भागात जहाजांवरून उतरलेली साखळी किलोवर मिळते आणि मोह होतो. मूरिंगसाठी (बोट कायम एका जागी बांधून ठेवायला) ती उत्तम आहे, पण जिप्सीवर चालवायची साखळी मापाची, कॅलिब्रेट केलेलीच लागते. गंजलेली साखळी पुन्हा गॅल्व्हनाइझ करून घेणार असाल तर ती गरम असतानाच हलवून-फिरवून जस्ताचे थेंब झटकणारा कारखाना गाठा, नाहीतर कड्या एकमेकींना चिकटून परत येतात.

साखळी उडण्याचं तिसरं कारण कुणाच्या लक्षात येत नाही: साखळीच्या कप्प्यातली उंची. साखळी पडून तिचा शंकूसारखा ढीग होतो. ढिगाचं टोक डेकच्या छिद्राला टेकलं की साखळीला खाली ओढणारं वजनच उरत नाही, ती जिप्सीतून सुटी होत नाही, अडकते आणि उडते. पूर्ण ५० मीटर आत आल्यावरही ढिगाच्या वर फूटभर मोकळी जागा राहायला हवी. राहत नसेल तर कप्पा मागे किंवा खोल न्या, किंवा निदान ढीग पाडायला कुणाला तरी आत हात घालावा लागणार हे मान्य करा. त्या वेळी विंडलासच्या बटणावर पाय नको. मी एका खलाशाचं बोट गेलेलं पाहिलं आहे.

ताकदीचा हिशेब. १० मिमीची साखळी मीटरला साधारण २.३ किलो, ५० मीटरचे ११५ किलो, त्यात नांगराचे २०, एकूण १३५. याच्या तिप्पट, म्हणजे चारशे किलोच्या पुढचं जास्तीत जास्त खेच असलेलं मॉडेल घ्या, असा सर्वसाधारण संकेत आहे. काही लोक चौपट धरतात. तुम्ही म्हणाल, जयगडला किंवा देवगडला सहा-सात मीटर पाण्यात नांगर टाकतो, मग एवढं कशाला? बरोबर आहे. तिथे उभी लोंबणारी साखळी आठ-नऊ मीटर, बाकीची तळाला पडलेली. विंडलासच्या वाट्याला नांगर धरून चाळीस किलो येतात. पण नांगर घसरत घसरत खोल पाण्यात गेला, किंवा चुकून सगळी साखळी सुटली, तर सगळं वजन एकदम लोंबतं. शिवाय पत्रकातला मोठा आकडा मोटर अडायच्या क्षणाचा असतो, रोजचं काम त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात चालतं. तुमचा हजार वॅटचा पुरेसा आहे, दीड हजाराचा घेऊ नका. त्याला करंटही जास्त लागेल आणि वायर पुन्हा कमी पडेल. साखळी बदलायचीच असेल तर उच्च ताकदीची ८ मिमी घेण्याचा विचार करा. ती मीटरला १.४ किलो भरते, नाळेवरचं ४५ किलो वजन कमी होतं, आणि बोट लाटेत कमी नाक खुपसते. जिप्सी अर्थात बदलावी लागेल.

बदललाच, तर उभ्या जातीच्या मागे जाण्याआधी थांबा. उभ्या विंडलासमध्ये साखळी जिप्सीला जवळपास अर्धा वेढा घेते, पकड चांगली मिळते, डेकही मोकळं राहतं. पण त्याची मोटर खाली साखळीच्या कप्प्यात, ओल्या चिखलाच्या शेजारी लोंबते आणि कप्प्याची उंची खाते, जी तुमच्याकडे आधीच कमी असण्याची शक्यता आहे. आडव्याचा वेढा पाव असतो, पण मोटर वर असते आणि हाताला येते. मुंबईच्या गाळात मी आडवाच पसंत करतो.

जुन्याची छिद्रं नव्याला जुळणार नाहीत. जुनी छिद्रं नुसती सीलंटने भरू नका. बहुतेक फायबरच्या डेकमध्ये आत बाल्सा किंवा प्लायवूड असतं. छिद्रात बोट घालून ओल लागते का बघा, काळं आणि मऊ झालेलं लाकूड कोरून काढा, कोरडं झाल्यावर इपॉक्सीने भरा आणि मग नवं छिद्र त्या इपॉक्सीतून पाडा. डेकखाली जाड पाटी हवीच. घर आणि बोल्ट यांच्यामध्ये लॅनोलिन किंवा खास गंजरोधक पेस्ट लावा, म्हणजे पुढच्या वेळी अॅसिटोनची पाळी येणार नाही.

विंडलास अकाली कशाने मरतात? ओढल्याने. विंडलासने बोट नांगराकडे ओढायची नसते. इंजिनने हळू पुढे जायचं, ढिली पडलेली साखळी विंडलासने गोळा करायची. साखळी उभी झाली की थांबायचं, चेन स्टॉपर (साखळी डेकवरच अडवून धरणारा चाप) लावायचा आणि लाटेला किंवा इंजिनला नांगर सोडवू द्यायचा. वसई-अर्नाळ्याच्या बाजूला मासेमारीच्या जुन्या डोल जाळ्यांत नांगर अडकतो, तिथेही विंडलासवर जबरदस्ती करू नका. इंजिन चालू असेल तर अल्टरनेटरमुळे व्होल्टेजही वर राहतं, तो वेगळा फायदा.

आणि नांगरावर असताना बोटीचा भार विंडलासवर कधीच नको. १२-१४ मिमीची नायलॉन दोरी, सात-आठ मीटर, एका टोकाला साखळीचा हूक, दुसरं टोक क्लीटला, आणि मध्ये साखळी ढिली. धक्का दोरी खाते, शाफ्ट नाही. मोठ्या जहाजांवरही हाच नियम आहे. तिथे स्टॉपर असेल तर विंडलासच्या ब्रेकला साखळीच्या तुटण्याच्या ताकदीच्या ४५ टक्के भार धरता आला तरी चालतो, स्टॉपर नसेल तर ८० टक्के धरावा लागतो. तुमच्या बोटीवर स्टॉपर नसेल तर या पावसाळ्यात बसवून घ्या, विंडलासपेक्षा आधी.

आता शेवटची तजवीज, विंडलास भर समुद्रात बंद पडला तर. एकदा विजयदुर्गच्या खाडीत पहाटे मतलई वारा जोरात सुटला, बोट फिरली, मागची बोट जवळ आली आणि विंडलासची मोटर नेमकी तेव्हा गेली. हाताचा दांडा होता, पण तो एकदाही वापरलेला नसल्याने त्याचं सॉकेट गंजलेलं. साखळीला हूक लावून दोरी डेकवरून मागे कॉकपिटच्या शीट विंचला (शिडाची दोरी ताणायच्या चरखीला) नेली आणि सात-आठ मीटरच्या हप्त्यांनी साखळी ओढली, प्रत्येक हप्त्याला स्टॉपर लावून. वीस मिनिटं लागली, पण नांगर आला. ही कसरत तुम्ही एकदा शांत पाण्यात करून पाहा, आणि दांड्याच्या सॉकेटला आजच ग्रीस लावा.

साखळीचं आतलं टोक कप्प्यात कशाला बांधलंय तेही बघा. शॅकलने बांधलं असेल तर ते काढून त्याजागी मजबूत नायलॉन दोरी बांधा, इतकी लांब की साखळी पूर्ण सुटल्यावर दोरी डेकवर दिसेल. नांगर सोडून पळायची वेळ आली तर सुरीने ती कापता येते. पाण्यात ताणलेल्या साखळीचं गंजलेलं शॅकल त्या वेळी पक्कडीने सुटत नाही.

गोण्यांची चाचणी करून बॅटरीवरचे आणि मोटरवरचे व्होल्ट, वायरची जाडी, आणि अकरा कड्यांची लांबी एवढे चार आकडे कळवा. त्यावरून दुरुस्ती किती निघेल ते सांगता येईल.